कैसरबागेवरचे पतंग

पतंग उडवायला सहसा कुणी एकटं जात नाही. एकाच्या हातात पतंग, दुसऱ्याच्या हातात फिरकी, तिसरा वारा कुठून येतोय ते सांगणारा आणि उरलेले चार जण नुसतेच ओरडणारे. असा कंपू जमला की मैदान, बाग, गच्ची, मिळेल ती जागा आपली आणि तेवढ्यापुरतं आभाळही आपलं. इतिहासाच्या पुस्तकांत अशा रिकामटेकड्या मंडळींना सहसा जागा मिळत नाही. पण एकदा ती मिळाली आहे. ते साल १९२८ आणि ती जागा लखनौची कैसरबाग.

तिथे जाण्याआधी थोडं मागं जाऊ या. आपल्या संत नामदेवांची पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यातल्या एका पदात कागदाचा पतंग आभाळात फिरतो आहे. उडवणारा सोबत्यांशी बोलतो आहे, पण त्याचं चित्त दोरीवर आहे. नामदेवांना त्यातून भक्ताचं मन सांगायचं आहे. मला मात्र त्यात सुमारे सातशे वर्षांपूर्वीची, गप्पा मारत पतंग उडवणारी मित्रमंडळीही दिसते. या खेळातले शब्दही असेच सोबती आहेत. ‘पतंग’ संस्कृतातला, ‘कागद’ आणि ‘पेच’ फारसीतून आलेले, ‘ढील’ इथल्या बोलींतली. कुणी कुणाला कधी परका म्हटलं नाही.

आता कैसरबागेकडे वळू. अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह याने १८४८ ते १८५० या काळात हा बागांचा आणि महालांचा पसारा उभा केला. १८५६ साली इंग्रजांनी त्याचं राज्य खालसा केलं. नवाब कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला जाऊन राहिला आणि त्याच्यामागून लखनौचे गवई, आचारी आणि पतंगबाजीचा शौकही तिथे पोचला. १८५७ च्या उठावानंतर कैसरबागेचा बराच भाग पाडला गेला. उरलेल्या वास्तू अवधच्या तालुकदारांच्या हाती आल्या.

पुढे सायमन आयोग आला. सात सदस्य, सातही ब्रिटिश. हिंदुस्थानचं भवितव्य ठरवायचं आणि त्यात हिंदी माणूस एकही नाही. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी आयोग मुंबईत उतरला, तेव्हाच काळे झेंडे निघाले. ३० ऑक्टोबरला लाहोरच्या निदर्शनांत लाला लजपतराय लाठ्यांनी जखमी झाले आणि १७ नोव्हेंबरला गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस आयोग लखनौत आला. तिथेही लाठ्या चालल्या. जवाहरलाल नेहरू आणि गोविंद वल्लभ पंत यांना मार बसला.

अशा वातावरणात तालुकदारांनी कैसरबागेत आयोगाचं स्वागत ठेवलं. भोवती पोलिसांचा कडेकोट बंदोबस्त होता. माणसाला आत शिरता येत नव्हतं. तेव्हा लखनौचे पुढारी चौधरी खलिकुज्जमान यांना सुचलं ते खास लखनवी होतं. ‘सायमन, परत जा’ असं लिहिलेले पतंग आणि फुगे आभाळात सोडले गेले आणि ते स्वागताच्या मांडवावर येऊन डुलू लागले. लाठी जमिनीवर चालते, आभाळात तिचा हात पोचत नाही. ज्या बागेच्या मालकाला हद्दपार व्हावं लागलं, त्या बागेवर त्याच्याच आवडत्या खेळाने हजेरी लावली होती.

पण इतिहास इथे थांबत नाही. हेच खलिकुज्जमान पुढे मुस्लिम लीगच्या पुढाऱ्यांत गणले गेले आणि फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. ज्या आभाळात सर्वांचा मिळून एक निरोप उडाला होता, त्याखालची जमीन एकोणीस वर्षांत कापली गेली. पतंग वर राहतो तो खाली कुणीतरी दोरी धरलेली असते म्हणून. ती सुटली की उंच गेलेला पतंगही कुठल्या झाडावर अडकेल, सांगता येत नाही.

दोरीवरून आजची गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यात सुती दोऱ्याला खळ आणि काचेची पूड लावून मांजा सुतला जाई. बोटं कापायची, पण ताण पडला की तो तुटायचा. आता नायलॉनचा मांजा आला आहे. तो तुटत नाही, कुजत नाही. झाडाला लटकून राहतो आणि पाखरांचे पंख, दुचाकीवरच्या माणसाचा गळा चिरतो. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. तरी दर संक्रांतीला कुणाच्या तरी घरी रडारड होते. पेच जिंकण्यासाठी तुटणारच नाही असा धागा हवा, ही हाव मला खेळातली वाटत नाही. समोरच्याचा पतंग कापताना आपलाही कटू शकतो, यातच तर गंमत होती.

तेव्हा या संक्रांतीला मैदानावर जरूर जा. चार मित्र घेऊन जा, त्यांत वेगळ्या गल्लीतला एखादा असू द्या. गप्पा मारा, ओरडा. फक्त नामदेवांच्या त्या पतंगवाल्यासारखं चित्त दोरीवर ठेवा आणि ती दोरी सुताचीच असू द्या.