‘व्यक्ती’ म्हणजे कोण?

देशाकडून कोणी पाहुणे कलकत्त्यास आले, की दक्षिणेश्वर आणि बेलूर यांच्याबरोबर अलीपूरचे न्यायालय दाखविण्याचे कामही आम्हां येथील मराठी नोकरदारांकडे येते. अरविंद घोषांवरील १९०८-०९ सालचा खटला अलीपुरास चालला, एवढे सांगितले म्हणजे पाहुण्यांचे समाधान होते. परंतु याच अलीपूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करण्याची परवानगी मागणारा एक अर्ज १९१६ साली झाला आणि त्यापायी कलकत्ता उच्च न्यायालयाला एका अगदी साध्या शब्दाचा कीस काढावा लागला, ही हकीकत सहसा कोणी कोणाला सांगत नाही.

अर्जदार होत्या रेजिना गुहा. कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी त्यांच्यापाशी होती. १८७९ च्या वकिलांविषयीच्या कायद्यात सनद कोणास द्यावी हे सांगताना ‘व्यक्ती’ हा शब्द घातलेला होता. स्त्रीला मनाई करणारे एकही वाक्य त्यात नव्हते. शिवाय पुल्लिंगी शब्दात, संदर्भ विरोधी नसेल तर, स्त्रियांचाही समावेश होतो, असे १८६८ च्या एका सर्वसाधारण कायद्याने आधीच सांगून ठेवले होते. मग अडचण कोणती?

अडचण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. कंपनी सरकारच्या न्यायालयांतील वकिलांची पहिली पद्धतशीर व्यवस्था लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या १७९३ च्या नियमावलीने बंगाल प्रांतात लावली. त्या नियमांप्रमाणे सनद मिळे ती फक्त हिंदूंना आणि मुसलमानांना. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे दालन इंग्रज बॅरिस्टरांचे, दिवाणी अदालत देशी वकिलांची, अशी ती वाटणी होती. १८४६ च्या कायद्याने ही धर्माची भिंत पाडली आणि कंपनीच्या न्यायालयांतील वकिली कोणत्याही राष्ट्राच्या वा धर्माच्या लायक व्यक्तींना खुली केली. राष्ट्र आणि धर्म यांचा उच्चार झाला. स्त्री-पुरुषभेदाचा झाला नाही, कारण तो प्रश्नच त्या वेळी कोणाच्या मनात आला नव्हता. पुढे १८६२ मध्ये उच्च न्यायालये आली, परीक्षा आल्या, शुल्के आली. ते मौन मात्र कायम राहिले.

त्या मौनाचाच अर्थ सर लॅन्सेलॉट सँडर्सन आणि त्यांच्या सहकारी न्यायाधीशांना लावावयाचा होता. आजवर पुरुषांनीच वकिली केली, कायदे करणाऱ्यांच्या दृष्टीसमोरही पुरुषच होते, म्हणून येथे ‘व्यक्ती’ म्हणजे पुरुष, असा निर्णय त्यांनी दिला. इंग्लंडमधील न्यायालयाने तीनच वर्षांपूर्वी, १९१३ साली, सॉलिसिटरांच्या बाबतीत हेच म्हटले होते. आम्ही कारकून मंडळी फायलीवर ‘नियमात तरतूद नाही’ असा शेरा मारतो, तेव्हा मनाई नसणे आणि परवानगी नसणे यांतला फरक आम्हीही असाच गिळून टाकतो. परंतु आमच्या शेऱ्यावर वरिष्ठ तरी असतात.

गंमत अशी, की ‘व्यक्ती’ या शब्दाची कसोटी याआधी वीस वर्षे आपल्या पुण्यात लागून गेली होती. नाशिकास १८६६ साली जन्मलेल्या आणि डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डची बी. सी. एल. ही कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र विद्यापीठाने त्यांच्या हाती ठेवली ती तीस वर्षांनी. हिंदुस्थानात परतल्यावर १८९६ साली, नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीच्या बचावासाठी त्या पुण्याच्या न्यायालयात उभ्या राहिल्या. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात न्यायालयाच्या परवानगीने ‘अन्य व्यक्ती’सही आरोपीची बाजू मांडता येई, त्या फटीतून त्या आत शिरल्या. मला वाटते, खरा भेद येथेच आहे. एका खटल्यापुरती परवानगी ही न्यायाधीशाची मेहेरबानी. सनद हा हक्क. मेहेरबानी करताना स्त्री ही व्यक्ती ठरे, हक्क देताना ठरत नसे.

पुढे १९०४ पासून त्या सरकारी नोकरीत होत्या. कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या देखरेखीखालील पडदानशीन जमीनदारणींना कायद्याचा सल्ला देणे हे त्यांचे काम. सरकारला त्यांचे कायद्याचे ज्ञान चालत होते. फक्त त्यांनी न्यायालयाच्या पायरीशी थांबावयाचे!

१९१९ मध्ये इंग्लंडने कायदा करून आपली दारे उघडली. १९२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने सोराबजींचे नाव पटावर घेतले. त्याच वर्षी पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज कलकत्त्याचा निर्णय प्रमाण मानून नाकारला. कायदा एक, सम्राट एक, आणि गंगेच्या काठाने थोडे खाली उतरले की स्त्रीची व्यक्ती पुन्हा नाहीशी होई.

तेव्हा हा प्रश्न दिल्लीस गेला. नागपुरात वकिली केलेले डॉ. हरिसिंग गौर यांनी १९२२ साली मध्यवर्ती विधिमंडळात तो मांडला. १९२३ च्या तेविसाव्या कायद्याने केवळ स्त्री आहे म्हणून कोणास सनद नाकारता येणार नाही, असे ठरले. कायदा पान-दीड पानाचासुद्धा नाही. १९२४ साली कॉर्नेलियाबाईंनी कलकत्ता उच्च न्यायालयात वकिलीस आरंभ केला, तेव्हा त्यांचे वय ५७ वर्षांचे होते आणि पुण्याच्या त्या खटल्यास २८ वर्षे लोटली होती.