४४३ नाबाद

क्रिकेटच्या सामन्याचे धावपत्रक हा मोठा अबोल दस्तऐवज असतो. कोणी किती धावा केल्या, कोणता गडी कोणाच्या चेंडूवर बाद झाला, हे सारे त्यात सापडते. पण खेळ मध्येच का थांबला हे सांगण्यास त्यात रकानाच नसतो. रणजी करंडकासाठी महाराष्ट्र व काठेवाड यांच्यामध्ये पुणे क्लबच्या मैदानावर डिसेंबर १९४८ मध्ये जो सामना झाला, त्याचे पत्रक या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

त्या पत्रकावरील ‘महाराष्ट्र’ म्हणजे १९६० साली झालेले राज्य नव्हे. मुंबईचा संघ निराळा होता, आणि आज गोंदिया जिल्हा म्हणून ओळखला जाणारा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात, म्हणजे मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत असे.

काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राने ४ गडी गमावून ८२६ धावा उभारल्या. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांनी ४९४ मिनिटांत, म्हणजे सुमारे सव्वाआठ तासांत, ४४३ धावा केल्या. त्यांत ४९ चौकार व १ षटकार होता. याचा हिशेब केला तर २०२ धावा सीमापार फटक्यांनी आल्या आणि उरलेल्या २४१ पायांनी धावून मिळविल्या, असे दिसते. कमल भांडारकर यांनी २०५ धावा केल्या, आणि या जोडीने दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भर घातली. मौज अशी की निंबाळकरांच्या एकट्याच्या धावा काठेवाडच्या सबंध डावापेक्षा नेमक्या २०५ नेच अधिक भरतात!

ब्रॅडमन यांनी १९३० साली सिडनी येथे केलेल्या नाबाद ४५२ धावा हा तेव्हाचा जागतिक उच्चांक होता. तो मोडण्यास निंबाळकरांना १० धावा हव्या होत्या. इतक्यात विश्रांतीची वेळ झाली. काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी महाराष्ट्राने डाव घोषित करावा, नाहीतर आपला संघ पुढे खेळणार नाही, असे बजावले. आणखी दोन षटके तरी खेळू द्यावीत, ही विनंतीही त्यांनी मानली नाही. सामना तेथेच सोडण्यात आला.

ऊन अंगावर घेत चेंडूमागे धावून थकलेल्या संघाचा वैताग समजू शकतो. परंतु ५८८ धावांची पिछाडी पडल्यावर पराभव जवळजवळ ठरलेलाच होता. दोन षटकांनी काठेवाडचे अधिक काय गेले असते? गुणलेखकाने मात्र आपले काम चोख केले. निंबाळकर बाद झाले नव्हते, म्हणून ४४३ पुढे नाबादाची खूण केली. फलंदाज अखेरपर्यंत टिकला असता जी खूण होते, तीच ही!

त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ हिंदुस्थानात कसोटी सामने खेळत होता. निंबाळकरांना त्यांत स्थान मिळाले नाही, आणि पुढेही अधिकृत कसोटी खेळण्याचा योग त्यांना कधी आला नाही. ब्रॅडमनचा उच्चांक हनीफ महंमद यांनी १९५९ साली कराचीत मोडला. ते ४९९ वर धावचीत झाले. निंबाळकर ११ डिसेंबर २०१२ रोजी निवर्तले, तोवर तरी कोणा भारतीय फलंदाजाला प्रथम दर्जाच्या सामन्यात ४४३ ओलांडता आले नव्हते.