१८ सप्टेंबर १८८९ : शिकागोत ‘हल हाऊस’ सुरू
शिकागोच्या हॉल्स्टेड स्ट्रीटवरील एका जुन्या हवेलीत जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार राहायला गेल्या आणि स्थलांतरित कामगारांच्या दाट वस्तीत ‘हल हाऊस’ हे समाजसेवा केंद्र सुरू झाले.

सुखवस्तू बायकांचा हा हौसेचा दानधर्म, असा आक्षेप घेतला जातो. पण नुसता दानधर्म असता, तर तो इथल्या बालवाडीपाशीच थांबला असता. इथल्या रहिवाशांनी घरोघरची मजुरी नोंदवून १८९५ मध्ये तिचे रंगीत नकाशे छापले. त्याच वर्षी अ‍ॅडम्स वॉर्डाच्या कचरा निरीक्षक झाल्या. एका गल्लीत दीड फूट घाण उपसल्यावर खाली फरसबंदी लागली. इथेच राहणाऱ्या फ्लोरेन्स केली यांच्या पाठपुराव्याने इलिनॉयमध्ये १८९३ साली कारखान्यांत १४ वर्षांखालील मुलांना बंदी झाली. त्याच कायद्यातली स्त्रियांसाठीची आठ तासांची मर्यादा दोन वर्षांत न्यायालयाने रद्द केली, हे खरे. पण मुलांवरची बंदी टिकली. गरिबी ही नशिबाची नव्हे, तर मजुरी, घरभाडे आणि पालिकेच्या कारभाराची बाब आहे, हे वस्तीत राहून, मोजूनमापून सिद्ध करता येते. झपाट्याने फुगणाऱ्या कोणत्याही शहराला हा धडा आजही लागू आहे.