होडीची डोलकाठी उतरवताना : वर तार बघा, खाली भरती बघा

खाडीत बहुतेक होड्यांना इंजिन आलं असलं तरी लहान शिडाच्या होड्या अजून दिसतात. अशा होडीची डोलकाठी पुलाखालून किंवा विजेच्या तारेखालून जाताना, डागडुजीसाठी किंवा पावसाळ्याआधी होडी वर ओढताना उतरवावी लागते. १ जूनला मासेमारी बंदी सुरू होते, त्यामुळे मे संपता संपता किनाऱ्यावर हे काम घाईत उरकलं जातं. मार लागतो तो याच घाईत.

काठी हलकी वाटते, तिथेच फसगत होते. ६ मीटर लांब आणि सरासरी ९ सेंटिमीटर जाड सागाची काठी साधारण २५ किलोची, म्हणजे सिमेंटची अर्धी गोणी. उभी असताना ती एका हाताने सावरता येते. पण जसजशी आडवी होते तसा दोरावरचा ताण वाढत जातो. शेंड्याला बांधलेला दोर आणि काठी यांच्यात १० अंशांचाच कोन उरला, तर तीच २५ किलोची काठी दोराला सुमारे ७० किलोने ओढते. सुरुवात सोपी गेली म्हणून एक माणूस मोकळा झाला की काठी धाडकन खाली येते.

यावर जुना उपाय आहे. बुडाशी दोनेक मीटरचा मजबूत बांबू पुढच्या बाजूला उभा करायचा आणि शेंड्याचा दोर त्याच्या टोकावरून पुढे नाळेकडे न्यायचा. त्यामुळे काठी पूर्ण आडवी झाली तरी दोराचा कोन टिकतो आणि ताण ४० किलोच्या आसपास राहतो. बांबू मात्र दोन्ही बाजूंनी ताणून बांधा, नाहीतर तोच आडवा पडेल. दोर हातात धरून ठेवू नका. खुंट्याला दोन वेढे देऊन थोडा थोडा सोडा, म्हणजे हात सोलणार नाहीत.

आधी शीड आणि त्याची तिरपी काठी खाली घ्या, सुटे दोर गुंडाळून बांधा. मागे दोन लाकडांची कैची उभी करा, काठी तिच्यावरच टेकवायची आहे. बुडाशी बोल्ट असलेली काठी मागे झुकवायची असते. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही : बाजूचे ताण बोल्टच्या रेषेपेक्षा मागे बांधलेले असतात, त्यामुळे काठी मागे झुकली की ते सैल पडतात. मग बाजूने एखादी लाट आली तरी काठी आडवी फिरते आणि बोल्टजवळचं लाकूड चिरतं. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक माणूस दोर धरून हवा. काठीखाली कुणीही थांबू नये, लहान मुलं तर नकोतच. खाचेत बसवलेल्या काठीला बोल्ट नसतो. ती पाचर काढून सरळ वर उचलावी लागते, तेव्हा तीन-चार माणसं आणि होडी वाळूवर टेकलेली असेल तरच हात घाला.

आता तारेचं. खाडीवरून ११ हजार व्होल्टच्या तारा जातात आणि उन्हात त्या आणखी खाली झोळ खातात. त्यात मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या पुढे जातो. ओहोटीला तारेखालून निवांत गेलेली होडी भरतीला परतताना त्याच तारेला भिडू शकते. उंची मोजायची ती होडीच्या फळीपासून नव्हे, पाण्यापासून शेंड्यापर्यंत, आणि वर किमान ३ मीटर मोकळं हवं. शंका असेल तर तारेच्या बऱ्याच अलीकडे, आडोशाच्या शांत पाण्यात काठी उतरवा. तारेखाली पोचल्यावर उतरवायला घेतलीत तर प्रवाह तुमच्यासाठी थांबत नाही.

लाकडातून वीज जात नाही म्हणतात, पण खाऱ्या पाण्याने भिजलेलं लाकूड आणि लोखंडी ताण यांतून ती जाते. काठी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर बोलायलाच नको. काठी तारेला लागलीच तर वीजपुरवठा बंद होईपर्यंत मदतीला आलेल्यांनी होडीला किंवा जवळच्या पाण्याला हात लावू नये. वीज तक्रारीसाठी १९१२ आणि तातडीसाठी ११२ हे नंबर मोबाइलमध्ये ठेवा.

उतरवलेली काठी जमिनीवर तशीच टाकू नका. तीन ठिकाणी ठोकळे देऊन, सावलीत ठेवा, म्हणजे वाकणार नाही. बूड आणि बोल्टचं भोक चाकूच्या टोकाने टोचून पाहा. टोक सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय, ते परत चढवू नका.