कानस, गेज आणि पिस्तूल



कामगार चळवळीतला माणूस पिस्तुलावर बोलायला उभा राहिला, म्हणजे सभेत थोडी चुळबूळ होणारच. आम्हांला पिस्तूल चालवता येत नाही आणि शिकण्याची हौसही नाही. आमचा विषय आहे, दुसऱ्याने केलेले पिस्तूल सुधारून देणारा कारागीर. इतिहासाच्या पुस्तकांत तो सहसा भेटत नाही. परंतु ज्याने कारखान्यात कानस धरली आहे, त्याला तो ओळखीचा वाटेल.

पूर्वी प्रत्येक बंदूक कारागिराच्या हाताने जुळवली जाई. एका बंदुकीचा चाप मोडला, तर दुसरीचा चाप तिथे बसत नसे. पुन्हा कारागीर गाठावा लागे. सैन्याला हे परवडणारे नव्हते. म्हणून १८२० च्या दशकात अमेरिकेत, हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रशाळेत, जॉन हॉल याने यंत्रे आणि गेज यांच्या बळावर अशा रायफली तयार केल्या, की एकीचा भाग दुसरीला चालावा. पुढे गेजामागून घड्याळही आले. आपल्या सोयीने येणारे-जाणारे तिथले कारागीर १८४२ मध्ये घड्याळाच्या सक्तीविरुद्ध काम टाकून उठले. कालव्यातून बोटीने ते वॉशिंग्टनला गेले आणि अध्यक्ष टायलर यांना भेटले. गाऱ्हाणे ऐकले गेले. घड्याळ मात्र राहिले.

तरीही कानस लगेच सुटली नाही. सॅम्युअल कोल्ट याच्या रिव्हॉल्व्हरचा यंत्रनिर्मित म्हणून जगभर डंका होता. परंतु त्याच्या कारखान्यात फिटर भाग घासून जुळवीत, आणि जुळलेले भाग पुन्हा एकत्र यावेत म्हणून त्यांवर क्रमांक ठोकीत. जाहिरात यंत्राची होती. शेवटचा हात माणसाचा होता.

आता १९११ साली या. त्या वर्षी अमेरिकन सैन्याने जॉन ब्राउनिंग याने योजलेले पॉइंट ४५ चे स्वयंभरण पिस्तूल स्वीकारले. ब्राउनिंग हा स्वतः बंदुका दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. बापाच्या दुकानातच त्याचे शिक्षण झाले. निवडीच्या कसोटीत त्याच्या पिस्तुलातून सहा हजार गोळ्या झाडल्या आणि ते एकदाही अडले नाही. दुसऱ्या महायुद्धात ह्या पिस्तुलाची मागणी इतकी वाढली, की टाइपरायटर करणाऱ्या रेमिंग्टन रँड कंपनीने ती आठ लाखांवर तयार केली. रेल्वेचे सिग्नल करणाऱ्या कंपनीने केली, शिवणयंत्रांच्या सिंगरनेही पाचशे केली. गेजाचा हा मोठाच विजय होता.

परंतु ह्या विजयाची एक किंमत होती. निरनिराळ्या कारखान्यांतले भाग एकमेकांत बसायचे, तर त्यांच्यात थोडी सैल जागा ठेवावी लागते. चिखल-धुळीतही पिस्तूल अडू नये, म्हणूनही ती हवी. त्यामुळे सैन्याचे जुने पिस्तूल कानाजवळ हलवले, तर खुळखुळे. लढाईतल्या शिपायाला त्याचे काही वाटत नसे. ओहायो राज्यातील कँप पेरी येथे १९०७ पासून राष्ट्रीय नेमबाजी सामने भरू लागले. तिथल्या नेमबाजाला मात्र त्याचे फार वाटे. पन्नास यार्डांवरच्या निशाणावर एका हाताने नेम धरायचा, तर खुळखुळणारे पिस्तूल काय कामाचे? मग तो ते घेऊन कारागिराकडे जाई.

कारागीर काय करी, ते पाहण्यासारखे आहे. ह्या पिस्तुलात नेम धरण्याची माशी वरच्या सरकत्या भागावर, म्हणजे स्लाइडवर असते आणि नळी त्या भागाच्या आत असते. गोळी सुटली की स्लाइड मागे जाते, नळी किंचित खाली झुकते आणि दोन्ही परत जागेवर येतात. नळी दर वेळी केसभर निराळ्या जागी बसली, तर डोळा एकीकडे पाहतो आणि गोळी दुसरीकडे जाते. म्हणून कारागीर नळीच्या तोंडाशी नवे, घट्ट बुशिंग घाली आणि तिची मागची बैठक भरून पुन्हा घासून घेई. सांगाड्याच्या कडा हातोडीने हलकेच दाबून त्यावर स्लाइड नीट जुळवी. थोडे घासावे, बसवून पाहावे, पुन्हा थोडे घासावे. जास्त घासले तर पहिल्यापासून सुरुवात. अजिबात न घासले तर पिस्तूल अडून बसे.

चापाचे काम सर्वांत जोखमीचे. चाप हलका असला की नेम हलत नाही. फार हलका केला तर धक्क्यानेही गोळी सुटते. म्हणून सामन्यांच्या नियमांत चापाचा किमान भार ठरलेला असे. सैनिकी पिस्तुलाला तो चार पौंड. चापाला वजन लटकवून तो तपासत. गिऱ्हाईक म्हणे, आणखी हलका करा. चांगला कारागीर म्हणे, इथे थांबायचे. कुठे थांबायचे हे कळणे, हीच त्याची विद्या. लुइझियानातला जिम क्लार्क हा असाच कारागीर. १९५८ साली त्याने राष्ट्रीय पिस्तूल-अजिंक्यपदही मिळवले. बाकावर जे जुळवले, ते मैदानात स्वतःच्या हाताने तपासले.

मात्र एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. कारागिराने जुळवलेल्या पिस्तुलाचा भाग पुन्हा दुसऱ्या पिस्तुलात सरळ बसत नाही. जे गेजाने कमावले, ते कानशीने काही अंशी परत दिले. लाखो शिपायांना गेजाचे पिस्तूल हवे, एका नेमबाजाला कानशीचे. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. यंत्राला शिव्या देणाऱ्या आमच्या मित्रांनी हे लक्षात ठेवावे.

आणि मालकांनी दुसरी बाजू लक्षात ठेवावी. एका कारखान्यात आम्ही संघटनेचे काम करीत होतो. नवी यंत्रे आली, तेव्हा व्यवस्थापनाने सांगितले की आता भाग आपोआप जुळतील, जुळवणीवरच्या जुन्या फिटरांची गरज नाही. अकरा जणांना हिशेब दिला. सहा महिन्यांत तयार माल परत येऊ लागला. मग त्यांतल्याच चौघांना बोलावले. कंत्राटावर, निम्म्या पगारात. त्यांतला एकजण आम्हांला म्हणाला, “साहेब, काम तेच, कानस तीच, फक्त मी स्वस्त झालो.” त्याला द्यायला आमच्याजवळ उत्तर नव्हते. चौघांचा पूर्ण पगार परत मिळवायला आम्हांला दोन वर्षे लागली. बाकीचे सात जण परत आले नाहीत.

नकाशात लांबी-रुंदी लिहिता येते, सूट किती ठेवायची तेही लिहिता येते. परंतु ह्या एका नळीला ह्या एका स्लाइडमध्ये बसवताना कानस केव्हा खाली ठेवायची, ते हातालाच कळते. त्या नेमबाजाला हे ठाऊक होते, म्हणून तो कारागिराचे दाम मोजून देई. आमच्या मालकांनाही ते ठाऊक होते. नाहीतर त्यांनी चौघांना परत बोलावले नसते. आमचे भांडण एवढेच आहे, की जे ठाऊक आहे त्याचे दाम द्यावे.