चिचपल्लीपाशी ४२ मिनिटं

मागच्या दिवाळीत घरी आलो तेव्हा बाबांच्या मोटारसायकलला जीपीएस ट्रॅकर लावून दिला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा काळा डबा, सीटखाली बॅटरीला जोडलेला, आत एक सिमकार्ड. बाबांना सांगितलं, "गाडी चोरीला गेली तर सापडेल." हे खरं होतं, पण पूर्ण नव्हतं. तो डबा दर १० सेकंदांनी गाडीची जागा आणि वेग पाठवतो, गाडी ६० च्या वर गेली की माझ्या फोनवर सूचना येते आणि मागच्या सहा महिन्यांचा प्रवास नकाशावर पुन्हा चालवून बघता येतो, हे मी सांगितलं नाही.

बाबा मूलजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहेत. रोज चंद्रपूरहून निघायचं, लोहारा, चिचपल्ली, अजयपूर, केळझर करत मूल गाठायचं. हाच रस्ता पुढे सावलीवरून वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला जातो. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, आणि वाघ रस्त्यावर येतो ही इकडे बातमी नसते. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. काळजी वाटायची, म्हणून लावला डबा.

डिसेंबरात एका संध्याकाळी सूचना आली : वेग ताशी ११२. बाबांची गाडी १०० सीसीची, उतारावरही ८० गाठत नाही. हसू आलं, पण मग नकाशा उघडला. गाडी चिचपल्लीपाशी रस्ता सोडून थोडी आत उभी होती, ४२ मिनिटांपासून. बाहेर अंधार पडलेला. मी घाबरून फोन लावला. तिसऱ्या वेळी त्यांनी उचलला.

"बाबा, तुम्ही ठीक आहात ना? चिचपल्लीला का थांबलात?"

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, "तुले कसं माहीत?"

मी सांगितलं. बाबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "सांगाचं असतं तर मीच सांगितलं असतं ना बेटा." आणि फोन ठेवला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझं कामच डेटाचं आहे. लाखो लोकांच्या नोंदी मी रोज हाताळतो. पण त्या नोंदीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस पहिल्यांदाच माझ्याशी बोलला होता. म्हणून मग शोधायला लागलो : माणसाची जागा आणि वेग लिहून ठेवायची ही गोष्ट आली कुठून?

पहिला धागा घराजवळच सापडला. नागपूरहून बल्लारपूरकडे येताना गाडी हिंगणघाटला थांबते. २० जानेवारी १८२३ रोजी या गावात विल्यम लॅम्टन नावाचा एक म्हातारा इंग्रज अधिकारी वारला. त्याची कबरही तिथेच आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ जमिनीवर साखळीने एक रेघ मोजून त्याने काम सुरू केलं होतं, आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत होता. सोबत सुमारे अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट. मागून जॉर्ज एव्हरेस्टने हे काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. आज माझा फोन एका सेकंदात जे सांगतो, ते अक्षांश आणि रेखांश काढायला तेव्हा माणसं तापाने मरत होती.

लॅम्टनला पृथ्वीचा आकार मोजायचा होता. पण ज्या राज्याने पगार दिला, त्याला नकाशा हवा होता. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, इंग्रजांकडे गेलं. १८६४ मध्ये वनखातं उभं राहिलं. १८७८ च्या वन कायद्याने जंगलाचे राखीव आणि संरक्षित असे प्रकार पाडले आणि राखीव जंगलात विनापरवाना शिरणं हा गुन्हा झाला. ज्या वाटेने गोंड माणूस मोहफुलं वेचायला जायचा, ती वाट तीच राहिली, पण नकाशावरच्या एका रेघेमुळे तो तिथे घुसखोर ठरला. मोजणी आधी झाली, मालकी मागून आली. हा क्रम लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येतो.

दुसरा धागा वेगाचा. १८६५ च्या ब्रिटिश कायद्यानुसार यंत्रावर चालणाऱ्या गाडीला गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल एवढीच परवानगी होती, आणि पुढे एक माणूस चालत ठेवावा लागे. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यात वॉल्टर अरनॉल्ड नावाचा गृहस्थ गावातून ताशी ८ मैलांनी गेला. सायकलवरच्या पोलिसाने पाठलाग करून त्याला पकडलं. वेगासाठी दंड झालेला तो पहिला मोटारचालक मानला जातो. त्याचा वेग कुठल्या यंत्राने नोंदवला नव्हता, पोलिसाच्या डोळ्यांनी आणि पायांनी ठरवला होता.

आपल्याकडच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही या प्रश्नाची खूण आहे. कलम १८३ सांगतं की 'माझ्या मते गाडी जोरात होती' एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर कुणाला शिक्षा करता येत नाही. त्या मतामागे यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने केलेलं मोजमाप हवं. म्हणजे इथे यंत्र चालकाच्या बाजूने उभं आहे. पोलिसाच्या मर्जीपासून ते त्याला वाचवतं.

पण वेग मोजणं वेगळं आणि वेग साठवणं वेगळं. १९७० मध्ये युरोपीय समुदायाने ट्रक आणि बसमध्ये टॅकोग्राफ बसवायचा नियम केला. हे यंत्र कागदाच्या गोल चकतीवर दिवसभराचा वेग आणि विश्रांती कोरत राही. हेतू चांगला होता : मालकांनी चालकांना झोपेविना पळवू नये. तरी ब्रिटनमधल्या चालकांनी त्याला नाव ठेवलं, 'केबिनमधला हेर'. त्यांच्या विरोधामुळे ब्रिटनने नियम लावायला टाळाटाळ केली आणि १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयात हरलं. संरक्षण आणि पाळत एकाच चकतीवर कोरली जाते, हे त्या ट्रकवाल्यांनी माझ्या आधी ५० वर्षं ओळखलं होतं.

आता तिसरा धागा, आकाशातला. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये अमेरिकी लष्कराने सोडला. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं, २६९ माणसं गेली. त्यानंतर रेगन सरकारने जाहीर केलं की ही यंत्रणा सर्वांना मोफत मिळेल. तरी सामान्यांच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळली जात होती. ती २ मे २००० ला बंद झाली आणि एका रात्रीत १०० मीटरची चूक १०-२० मीटरवर आली. आज बाजारात मिळणारा प्रत्येक स्वस्त ट्रॅकर त्या निर्णयाचं अपत्य आहे.

इथे एक गैरसमज काढतो, कारण घरोघरी ऐकतो : "वरून सॅटेलाइट बघतंय." बघत नाही. उपग्रह फक्त बोलतो, आपली वेळ आणि जागा सांगत राहतो. गाडीतला डबा ते ऐकतो आणि कुठून आवाज यायला किती वेळ लागला यावरून स्वतःची जागा काढतो. जवळ येणाऱ्या रेल्वेची शिट्टी बारीक आणि दूर जाणारीची जाड ऐकू येते, त्याच तत्त्वाने तो वेगही काढतो. उपग्रहाला बाबांचा पत्ता नाही. चुगली करतं ते डब्यातलं सिमकार्ड. पाळत आकाशातून होत नाही, ती कुठल्यातरी सर्व्हरवर होते, आणि सर्व्हर कुणाच्या तरी मालकीचा असतो.

मग ते ११२ कुठून आलं? सागाच्या ओल्या पानांतून संदेश कमजोर येतो, झाडांवर आपटून आलेला संदेश जागा चुकवतो. एक बिंदू इकडे, पुढचा तिकडे. काही स्वस्त यंत्रं या दोन बिंदूंमधलं अंतर वेळेने भागून वेग सांगतात. बिंदूने उडी मारली की गाडी उभी असतानाही पळते. नोंद कधी कधी खोटी असते, पण आकड्यात लिहिलेली असल्यामुळे खरी वाटते.

आकड्यांच्या मागे पैसा लागतोच. २००१ मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये एका भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीने जीपीएसवरून वेग बघून ग्राहकांच्या खात्यातून दर वेळी १५० डॉलर कापले. ग्राहक भांडला आणि जिंकला. २०११ मध्ये टॉमटॉम या डच कंपनीला माफी मागावी लागली : तिने विकलेली वाहतुकीची निनावी माहिती वापरून पोलीस वेग पकडायचे कॅमेरे कुठे ठेवायचे ते ठरवत होते. लोकांनी ती माहिती रस्ता सापडावा म्हणून दिली होती. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संशयिताच्या गाडीला जीपीएस चिकटवून २८ दिवस माग काढणं हीसुद्धा झडतीच आहे.

आपल्याकडे २०१९ पासून नव्या प्रवासी वाहनांना, म्हणजे बस-टॅक्सींना, जागा सांगणारं यंत्र आणि मदतीचं बटण सक्तीचं झालं. दुचाकीला या नियमातून सूट आहे. त्यामुळे मोटारसायकलवर ट्रॅकर येतो तो बाजूच्या दारांनी. २०२२ मध्ये विमा नियामकाने 'जशी चालवाल तसा हप्ता' या प्रकाराला मान्यता दिली. सामान पोचवणाऱ्या पोरांच्या फोनमधलं ॲप रस्ताभर जागा सांगत राहतं. आणि एक दार प्रेमाचं आहे, ज्यातून मी आत शिरलो. त्यावर ना नियम, ना पावती.

२४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं : जामिनावर सुटलेल्या आरोपीने गूगल मॅप्सवर आपली जागा तपास अधिकाऱ्याला दिसेल अशी ठेवावी, ही अट रद्द केली. हे वाचताना मी थांबलो. अमली पदार्थांच्या खटल्यातल्या आरोपीला जे द्यावं लागत नाही, ते मी बाबांकडून न विचारता घेत होतो.

याचा अर्थ यंत्रच वाईट असा नाही. ते आपल्याच जंगलात दोन्ही बाजूंनी वापरलं गेलं आहे. २०१० पासून व्याघ्र प्रकल्पांत एम-स्ट्राइप्स ही पद्धत आली : गस्तीवरचा वनरक्षक किती चालला, कुठून चालला याची जीपीएस नोंद. त्यात वाघाचं भलं आहे, आणि वनरक्षकाच्या प्रत्येक पावलाचा हिशेबही आहे. दुसरीकडे गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर अनेक गावांनी दाव्यांसाठी आपापल्या जंगलाची हद्द स्वतः फिरून जीपीएसवर उतरवली. त्याच कायद्याचे २०१२ चे सुधारित नियम सांगतात की उपग्रहाची चित्रं पुराव्याला जोड म्हणून चालतील, बाकी पुराव्याची जागा ती घेऊ शकत नाहीत. म्हणजे गावातल्या म्हाताऱ्याने "ही आमची सीमा" म्हणून दाखवलेला दगड आकाशातल्या फोटोपुढे रद्दी होत नाही.

लॅम्टनच्या रेघेने आणि गावकऱ्यांच्या रेघेने एकच जंगल मोजलं. यंत्राचं काम तेच. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी यंत्र ज्याची जागा मोजायची त्याच्याच हातात होतं.

संक्रांतीला घरी गेलो. बाबांसमोर लॅपटॉप उघडला आणि सगळं दाखवलं : रोजची वाट, वेग, थांबे. ते बराच वेळ बघत राहिले. एका जागी बोट ठेवून म्हणाले, "इथं मी चहा पितो. हेपण लिहिते का हे?"

"हो बाबा."

"आन् कायले प्यायलो, कोनासंग प्यायलो, ते?"

"ते नाही."

"मंग अर्धवटच हाये तुमचं," असं म्हणून ते हसले.

मी विचारलं, डबा काढू का? त्यांनी थोडा विचार केला आणि नको म्हणाले. चोरीसाठी राहू दे, आणि कधी पडलो-बिडलो तर. मग त्यांनीच अटी सांगितल्या आणि मी त्यांच्यासमोर बसून लावल्या. जुन्या नोंदी पुसल्या. वेगाची सूचना बंद. प्रवासाचा इतिहास एका दिवसापुरता, नंतर आपोआप पुसला जाणार. पासवर्ड त्यांचा, त्यांच्या डायरीत. गाडी आडवी पडली तर मात्र मला आणि आईला संदेश येईल.

चिचपल्लीपाशी ते का थांबले होते, हे त्या दिवशी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. परवा संध्याकाळी त्यांचा फोन आला, आवाजात वारा होता.

"मी केळझरपाशी हावो. रस्त्यात वाघीन बसली हाये, दोन बच्चे संगं. दोन्हीकडं गाड्या थांबल्या. आईले सांग, वेळ होईन."

नकाशा उघडायची गरजच पडली नाही.