‘सत्या’, ‘कंपनी’ आणि ‘डी’ : पारितोषिके व शब्दांचा वारसा

मुंबईतील संघटित गुन्हेगारीवरील हिंदी चित्रपटांपैकी ‘सत्या’ (१९९८), ‘कंपनी’ (२००२) व ‘डी’ (२००५) हे तीन एका मालिकेत गणले जातात. पहिल्या दोहोंचे दिग्दर्शक रामगोपाल वर्मा. तिसऱ्याचे विश्राम सावंत, वर्मा त्याचे निर्माते. या मालिकेचा, विशेषतः पहिल्या दोन चित्रपटांचा, गौरव पुष्कळ झाला. तथापि तो नेमका कशाचा झाला हे पाहू गेल्यास भाषाभ्यासकास एक उणीव जाणवल्यावाचून राहत नाही.

‘सत्या’मधील भिकू म्हात्रे या भूमिकेसाठी मनोज बाजपेयी यांस साहाय्यक अभिनेत्याचे राष्ट्रीय पारितोषिक लाभले. फिल्मफेअरने समीक्षकांच्या पसंतीच्या चित्रपटाचा मान दिला, शिवाय संकलन, ध्वनी व पार्श्वसंगीत यांची दखल घेतली. ‘कंपनी’मधील चंदूसाठी विवेक ओबेरॉय यांस साहाय्यक अभिनय व पदार्पण अशी दोन पारितोषिके मिळाली. संवादांचे फिल्मफेअर पारितोषिक मात्र दोन्ही खेपेस अन्य चित्रपटांकडे गेले. बोलणारा गौरविला गेला. बोलीची नोंद झाली नाही. अनुराग कश्यप व सौरभ शुक्ला यांनी ‘सत्या’च्या लेखनात जी मुंबईची हिंदी योजिली, तीतच त्या चित्रपटाचे अर्धे बळ होते, असे माझे मत आहे. म्हात्रे हे किनारपट्टीचे आडनाव, आणि ते धारण करणारा नट चंपारणचा! यात नवल मानण्याचे कारण नाही. ही बोली मुळी भिन्नभाषिकांच्या परस्परव्यवहारातूनच घडली आहे.

तिचा शब्दसंग्रह आम्हां रत्नागिरीकरांस परका नाही. परका आहे तो अर्थ. ‘सुपारी’ हे आमच्या वाडीतील पीक. मंगलकार्याच्या आमंत्रणास सुपारी, तमाशाच्या फडाशी ठराव करावयाचा तरी सुपारीच. म्हणजे ‘शब्द देऊन काम पक्के करणे’ हा अर्थ लोकव्यवहारात आधीच रुजलेला होता. गुन्हेगारांनी काम तेवढे बदलले. ‘पेटी’ व ‘खोका’ यांचेही तसेच. येथे वैशाखात पेटी म्हटली की हापूसची; त्या जगात पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. उघड बोलता न येणाऱ्या रकमेस निरुपद्रवी वस्तूचे नाव देणे ही सर्वच गुप्त बोलींची रीत होय.

हे शब्द चित्रपटाने निर्मिले, असे म्हणणे मात्र अनैतिहासिक ठरेल. १९९७ साली गुलशन कुमार यांची हत्या झाली, १९९९ मध्ये राज्याने संघटित गुन्हेगारीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. ‘सत्या’ या दोहोंच्या मधला. शब्द त्यापूर्वीच शहरात रूढ होते, वृत्तपत्रांतही येत. चित्रपटाने त्यांस स्वर, हेल व प्रतिष्ठा दिली, आणि शिमग्या-गणपतीस येणाऱ्या चाकरमान्याच्या तोंडून ऐकलेला शब्द गावातल्या मुलास पडद्यावरही ऐकू येऊ लागला.

पुढे ‘खोके’ हा शब्द २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांच्या घोषणांत दुमदुमला, तेव्हा त्याचा अर्थ कोणासही विचारावा लागला नाही. ‘सत्या’ जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला. मराठी कोशकारापुढे आता प्रश्न आहे तो असा, की ठरावाची सुपारी आणि हत्येची सुपारी या एकाच नोंदीत द्याव्यात की निरनिराळ्या. मी एकाच नोंदीच्या बाजूचा आहे. अर्थ कोठून कोठे गेला हे तेथेच दिसेल.